२५६ घरांचं पुनर्वसन

पहाटेचे पावणेचार. तारीख २० एप्रिल २०२४. काल कामदा एकादशी होती. चंद्र मघाशीच सागवानांमागे उतरला आणि कुळगीच्या निसर्ग शिबिरावर आता निखळ काळोख आहे. उकाड्यानं तुम्हाला तंबूबाहेर काढलंय. लांब कुठेतरी रातवा ठोकतोय, लाकडावर हलक्या हातानं हातोडी मारत राहावं तसा. राखणदार मामा मांडीवर टॉर्च ठेवून कट्ट्यावर बसलेत.

"काय बघाय लागलासा एवढं वर?"

तुम्ही सांगता, एक यान बघतोय. मामा मान वर करतात, बराच वेळ शोधतात आणि म्हणतात, "दिसंना."

दिसणार नाहीच. पण दिशा नेमकी सांगता येते. दक्षिणेला लालसर ज्येष्ठा आहे, ईशान्येला उंचावर अभिजित, आणि या दोघांच्या मधे, अगदी डोक्यावर, भुजंगधारी नावाचं फिकट ताऱ्यांचं मोठं रिंगण. त्यात व्हॉयेजर १ आहे. कुळगी १५ अंश उत्तर अक्षांशावर, आणि यानाची जागा खगोलीय विषुववृत्ताच्या जवळपास १२ अंश उत्तरेला. त्यामुळे ते रोज एकदा या जंगलाच्या माथ्यावरून, अगदी थोडं दक्षिणेला कलून जातं. मधलं अंतर २,४०० कोटी किलोमीटर. तिथून निघालेला रेडिओचा निरोप इथे यायला साडेबावीस तास लागतात.

आणि आज त्या वाटेवर काहीतरी आहे. पाच महिने हे यान अर्थहीन बडबडत होतं. परवा, १८ एप्रिलला, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथून त्याला दुरुस्तीच्या आज्ञा गेल्या. जायला साडेबावीस तास, यायला साडेबावीस. उत्तर अजून आलेलं नाही. ४५ तास हातावर हात ठेवून बसायचं. तेवढ्यात तुम्हाला ४७ वर्षं मागे जाऊन येता येईल.

टॉर्च विझते. पायाखालची वाळलेली पानं ओली होतात.

तुम्ही सुप्याला उभे आहात. ५ सप्टेंबर १९७७, सोमवार, संध्याकाळ. आज गोकुळाष्टमी. हे कुळगीहून लांब नाही, आणि हेच तालुक्याचं गाव. काळी आणि पांढरी या दोन नद्या इथे भेटतात. मराठी शेतकऱ्याला ही दोन नावं कानात बसवावी लागत नाहीत: काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. सुप्याला दोन्ही आहेत, आणि दोन्ही जाणार आहेत. खाली गणेशगुडीला धरणाचं काम चालू आहे. बुडायचं आहे हे गावाला ठाऊक आहे, पण माणूस आपल्या गावाबद्दल अशी गोष्ट ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी परसातली पन्हळ दुरुस्त करायला घेतो.

सहा वाजून सव्वीस मिनिटं. इथे उद्याच्या दहीहंडीच्या गप्पा, आणि फ्लोरिडात त्याच क्षणी सकाळचे आठ छप्पन्न: टायटन-सेंटॉर रॉकेट उठतं, वर व्हॉयेजर १. त्याचं जुळं, व्हॉयेजर २, पंधरवड्यापूर्वी २० ऑगस्टलाच गेलंय. (आधी गेलेला दोन नंबरचा आणि मागून निघालेला एक नंबरचा, कारण हा वाटेत त्याला मागे टाकून गुरूपाशी आधी पोहोचणार होता.)

घाट उतरून गोव्यात गेलं की फोंडा तालुक्यात केरी लागतं. तिथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी यानावरच्या सोनेरी तबकडीत कोरलेली आहे, 'जात कहां हो'. उड्डाणानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. आणखी दोन दिवसांनी यानानं मागे वळून पृथ्वी आणि चंद्र यांचं एकाच चौकटीतलं पहिलं छायाचित्र टिपलं, सुमारे १ कोटी १७ लाख किलोमीटर अंतरावरून. तबकडीवर मराठीतला एक नमस्कारही आहे. मराठी लेखात याचा उल्लेख टाळणं पाप समजलं जातं, म्हणून केला. पण यानाच्या संगणकांचा त्या तबकडीशी काही संबंध नाही. ती वाजवायची सोय यानात नाही. सुई दिलीय, यंत्र सापडणाऱ्यानं जुळवायचं. भैरवी त्या यानाला स्वतःला कधीच ऐकू आलेली नाही.

तुम्हाला पाहायचंय ते तबकडीच्या आतल्या बाजूला आहे. त्यासाठी आणखी दोन-चार वर्षं मागे, पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत.

टेबलांवर आराखड्यांची भेंडोळी. तुमच्यासमोर तीन प्रकारचे संगणक, प्रत्येकाच्या दोन प्रती. पहिला मुकादम: पृथ्वीवरून आलेल्या आज्ञा घेतो, वाटून देतो, काही बिघडलं तर ठरलेली तजवीज करतो. त्याची जात जुनी, मंगळाकडे गेलेल्या वायकिंग यानांवरून घेतलेली. दुसरा सुकाणूवाला: अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणं हे त्याचं आयुष्य. या दोघांची स्मृती तारेची आहे. चुंबकीय मुलामा दिलेल्या बारीक तारा, ज्यात लिहिलेलं वीज गेली तरी पुसलं जात नाही. प्रत्येकी ४,०९६ शब्द. संगणकाचा शब्द म्हणजे ठरावीक बिटांचा एक गठ्ठा, इथे १८ बिटांचा.

तिसऱ्यापाशी थांबा. हा कारकून. नाव एफडीएस. सगळ्या उपकरणांकडून आकडे गोळा करायचे, एका ओळीत लावायचे आणि प्रक्षेपकाकडे द्यायचे. गुरूपाशी गेल्यावर आकड्यांचा असा लोंढा येणार की तारेची स्मृती त्या वेगाला पुरणार नव्हती. म्हणून याला नव्या जातीच्या चिपांची स्मृती दिली, १६ बिटांचे ८,१९२ शब्द. वेगवान, हलकी, कमी वीज खाणारी. आणि वीज क्षणभर गेली की सगळं विसरणारी.

अशी विसरभोळी स्मृती तोवर अंतराळात कुणी पाठवली नव्हती. विरोध व्हायचा तो झाला. उत्तर असं निघालं: यानाच्या अणुबॅटरीतून या स्मृतीला वेगळी, थेट वायर द्यायची, मधे काही नाही. ती वायर मेली तर समजायचं यानच मेलं, मग आठवायचं काय आणि विसरायचं काय? मला हा युक्तिवाद फार आवडतो. त्यात धाडस आहे, पण आधी हिशेब आहे.

त्या बॅटरीत प्लुटोनियम-२३८ आपोआप तापत राहतं आणि त्या उष्णतेची वीज होते. निघताना तीन बॅटऱ्या मिळून ४७० वॅट. दरवर्षी चारेक वॅट कमी. अखंड चालण्याची किंमत काळी नदीच्या खोऱ्यात नव्यानं सांगायला नको. याच नदीच्या काठी खाली कैगाला अणुवीज केंद्र आहे. तिथली एक नंबरची अणुभट्टी २०१६ ते २०१८ या काळात ९६२ दिवस न थांबता चालली तेव्हा तो जागतिक विक्रम ठरला, आणि तिच्याभोवती पाळ्या करणारी माणसं होती. वरच्या त्या कारकुनाला १९७७पासून रजा नाही, आणि त्याच्याभोवती कुणीही नाही.

तिन्ही प्रकार, सगळ्या प्रती मिळून एकूण स्मृती सत्तरेक किलोबाइट. सकाळी तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या 'शुभ प्रभात'च्या गुलाबाला याहून जास्त जागा लागते.

पुढे चला, एप्रिल १९७८. इथे एक चूक होते आणि ती यानाची नाही. आठवडाभर पृथ्वीवरून कुणी व्हॉयेजर २ला आज्ञा पाठवली नाही. पाठवायची राहून गेली. मुकादमाला सांगून ठेवलेलं होतं: इतके दिवस काही ऐकू आलं नाही तर समज, आपला कान बिघडला, दुसरा लाव. त्यानं इमानदारीनं दुसरा रिसीव्हर लावला. त्यातला एक कपॅसिटर निकामी होता. ठरलेल्या वेळानं पुन्हा पहिला लावला, तर अर्ध्या तासात तोच कायमचा गेला. तेव्हापासून व्हॉयेजर २ त्या अधू कानानं ऐकतं. त्याचा ऐकण्याचा पट्टा इतका अरुंद की यानाचं तापमान किंचित बदललं तरी सरकतो. म्हणून प्रत्येक निरोपाआधी पृथ्वीवर बसून हिशेब करायचा की आज आवाज नेमका कुठल्या पट्टीत लावला तर त्याला ऐकू जाईल. पट्टी लावून घेतल्याशिवाय गवई गात नाही, तसंच ते.

गुरू आणि शनी मी गाळतो. त्यांची छायाचित्रं तुम्ही पाहिली आहेत.

जानेवारी १९८६. व्हॉयेजर २ युरेनसला भिडायला सहा दिवस राहिलेत. पडद्यावर येणाऱ्या छायाचित्रांवर अचानक काळ्या-पांढऱ्या रेघांचे पट्टे उमटतात. इथवर यायला साडेआठ वर्षं लागलीत आणि युरेनसजवळचे महत्त्वाचे तास मोजके आहेत. तुम्ही त्या खोलीत उभे आहात. कुणी ओरडत नाही, सगळे छापील आकड्यांचे कागद चाळताहेत. कारकुनाची स्मृती खाली मागवली जाते, ती कशी असायला हवी त्याच्याशी ताडून पाहिली जाते, आणि फरक सापडतो: एक बिट. शून्य हवं तिथे एक. ते पुन्हा शून्य होईना, म्हणून त्या जागेला वळसा घालणारा कार्यक्रम लिहून पाठवला. २४ जानेवारीला भेट बिनघोर झाली.

खरं म्हणजे युरेनसपर्यंत पोहोचलेलं यान निघालेलं यान राहिलंच नव्हतं. लोखंड तेच, पण आतलं लिखाण नवं. कारकुनाच्या राखीव प्रतीला रिकामं न ठेवता छायाचित्रं दाबून लहान करायच्या कामाला लावलं होतं, म्हणजे दुबळ्या झालेल्या आवाजातही जास्त चित्रं पाठवता यावीत. ही कल्पना उड्डाणानंतर कित्येक वर्षांनी सुचलेली, आणि उडत्या यानात बसवलेली.

त्याच दशकात एकदा सुप्याला जाऊन या. पण उभं राहायला जागा नाही. पाणी आहे. काळी-पांढरीचा संगम १०१ मीटर उंचीच्या धरणामागे गेला, तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं, आणि विस्थापितांसाठी रामनगर वसलं. पुनर्वसन हा शब्द सरकारी कागदावर एका ओळीत मावतो. प्रत्यक्षात घर हलवणं हे त्यातलं सोपं काम. त्या घराचा पत्ता जिथेजिथे लिहिलेला असतो, ते सगळं बदलावं लागतं: सातबारा, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मुंबईला असलेल्या चुलत्याच्या डायरीतलं पान, लग्नपत्रिका, देवाचा मान. एखादी नोंद बदलायची राहिली की पत्र जुन्या गावी जातं, आणि जुन्या गावी मासे आहेत.

हे डोक्यात असू द्या.

१४ फेब्रुवारी १९९०. व्हॉयेजर १ शेवटची छायाचित्रं काढतं, त्यातच तो पृथ्वीचा फिकट निळा ठिपका. मग कॅमेरे बंद होतात, आणि पुढे कॅमेरा चालवणारं लिखाणही स्मृतीतून पुसलं जातं, जागा दुसऱ्या कामाला लागावी म्हणून. डोळे मिटणं मी समजू शकतो. पाहायचं कसं हेच विसरायला लावणं, हे वाचलं तेव्हा मला जरा थांबावं लागलं.

२५ ऑगस्ट २०१२ला ते सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. २०१७च्या नोव्हेंबरात, ३७ वर्षं न पेटवलेले छोटे इंजिन-झोत पेटवून पाहायचे ठरले, तेव्हा अभियंत्यांना दशकांपूर्वीच्या जुन्या असेंब्ली भाषेतलं लिखाण बाहेर काढून वाचावं लागलं. झोत पेटले. वाचणाऱ्यांतल्या कितीजणांचा जन्म यान निघालं तेव्हा झाला नव्हता, हा विचार तुम्ही करताय, मीही केला.

मे २०२२मध्ये व्हॉयेजर १चा सुकाणूवाला असंबद्ध आकडे पाठवू लागला. यान कुठे तोंड करून आहे याचा या आकड्यांवरून काही पत्ता लागेना, आणि तरी अँटेना तर बरोब्बर पृथ्वीकडेच! तीन महिन्यांनी उलगडलं. सुकाणूवाला ठणठणीत होता. तो आपलं टपाल यानातल्या एका अशा संगणकामार्फत पाठवत होता जो कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेला आहे. मेलेल्याच्या हाती पत्र देत होता, म्हणून अक्षरं बिघडत होती. पत्ता बदलल्यावर पत्रं सरळ आली.

आणि आता १४ नोव्हेंबर २०२३. त्याच यानाकडून येणारं सगळंच बंद. म्हणजे आवाज येतोय, पण त्यात शून्य आणि एकची एकच नक्षी, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या गावच्या भजनात एखादा म्हातारा एकाच ओळीवर अडकून बसावा तशी. यान आज्ञा ऐकतंय, पाळतंय. बोलता येत नाहीये. म्हणजे दोष कारकुनाचा. आणि राखीव कारकून १९८१मध्येच गेलेला.

पासाडेनाच्या त्या खोलीत तुम्ही हिवाळाभर बसा. मी म्हणतो म्हणून नव्हे, त्यांच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. एक प्रश्न विचारायचा, दोन दिवसांनी उत्तर. पृथ्वीवर त्या संगणकाची चालती जुळी प्रत नाही, जिच्यावर आधी करून पाहावं. ज्यांनी तो बनवला त्यांतले अनेक हयात नाहीत. त्यांची कागदपत्रं आहेत, पिवळी पडलेली. जिथे बिघाड आहे तिथलं पाहायचं तर बोलायला तोंड हवं, आणि बिघाड तोंडातच आहे.

१ मार्च २०२४ला त्यांनी यानाला एक ढुसणी दिली: स्मृतीतल्या संशयित जागेला बगल देऊन वेगळ्या क्रमानं चालून बघ. ३ मार्चला आलेल्या आवाजात एक तुकडा वेगळा होता. नेहमीच्या साच्यातला नव्हता, म्हणून पहिल्यांदा तोही निरर्थक वाटला. दूरच्या यानांशी बोलणाऱ्या अँटेनांच्या जाळ्यात काम करणाऱ्या एका अभियंत्यानं तो सोडवला, तर आत कारकुनाची संपूर्ण स्मृती होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. बोलता न येणाऱ्यानं डोकंच उघडून समोर ठेवलं होतं.

जुन्या नोंदीशी ताडलं. सुमारे तीन टक्के भाग खराब. एक चिप गेली होती, २५६ शब्दांची. एखादा अंतराळातला कण आदळला असेल किंवा ४६ वर्षांनी ती नुसतीच थकली असेल.

चिप बदलता येत नाही. म्हणजे त्या २५६ घरांची वस्ती बुडाली, आणि त्यांना उठवून दुसरीकडे वसवायचं. पण ८,१९२ घरांच्या या गावात एवढी मोकळी सलग जागा कुठेच नव्हती. म्हणून वस्ती फोडली. लिखाणाचे तुकडे केले. एक इकडच्या कोपऱ्यात, एक तिकडच्या. मग खरं काम सुरू झालं. फुटलेले तुकडे एकत्र असल्यासारखे चालले पाहिजेत, म्हणून प्रत्येकाच्या शेवटी पुढच्याचा नवा पत्ता. आणि उरलेल्या गावात जिथेजिथे 'अमुक घरी जा' असं लिहिलंय, तिथला जुना पत्ता खोडून नवा. एकही विसरून चालणार नाही. एक जरी जुना पत्ता राहिला तर कार्यक्रम बुडालेल्या घरात पाय ठेवणार.

सगळं एकदम हलवायला गेले नाहीत. आधी फक्त यानाच्या स्वतःच्या प्रकृतीचे आकडे पाठवणारा भाग. तोच परवा, १८ तारखेला, सेकंदाला १६ बिट या गोगलगायीच्या चालीनं वर गेला.

पायाखालची पानं पुन्हा वाळतात. रातवा थांबलाय. पूर्वेला किंचित उजळतंय, भुजंगधारी डोक्यावरून पश्चिमेला कललाय, आणि मामांनी स्टोव्ह पेटवलाय. तुम्ही पुढचं पाहून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: आज, याच तारखेला, पासाडेनात उत्तर पोहोचेल आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा यान शुद्धीत बोलेल. जूनच्या मध्यापर्यंत चारही उपकरणं पुन्हा आकडे पाठवू लागतील. कुळगीत आत्ता यातलं कुणालाच काही माहीत नाही.

मामा चहा आणून देतात. "घावलं काय तुमचं विमान?"

"सापडलं. घर बदललं होतं त्याचं."

मामा हसतात. पेला हातात फिरवत तुम्ही विचारता, "मामा, तुम्ही इथलेच? कुळगीचे?"

"न्हाई हो. रामनगराला ऱ्हातो. धरणात गेलं न्हवं आमचं, बारा वर्षांचा असेन तवा."

टॉर्च घेऊन ते उठतात. नोंदवहीत तुमचं नाव-गाव लिहायचं काल राहून गेलंय, ते आणून पुढे ठेवतात. वरच्या रकान्यात त्यांची स्वतःची पाळी लिहिलेली आहे, तारखेसकट. नावापुढे गावाच्या जागी बॉलपेननं, गोल अक्षरात: सुपा.